खारपाणपट्ट्याची कहाणी



मूर्तिजापूरच्या रेल्वे स्टेशनावर उतरून दर्यापूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघा. चार-दोन मैल गेलात की जमीन अशी सपाट होत जाते की जणू कोणी पाटा फिरवला आहे. डोंगर नाही, टेकडी नाही, दगड म्हणाल तर गोफणीत घालायलाही मिळायचा नाही. चहूकडे काळीभोर माती. पुढे लाखपुरीजवळ पूर्णा नदी लागते. नवख्या माणसाला वाटते, काय हे वैभव! इतकी खोल काळी जमीन, शेजारी बारमाही नाव मिरवणारी नदी, मग इथला शेतकरी सोन्याच्या कौलांच्या घरात राहत असला पाहिजे.

आता त्याच गावात जाऊन विहिरीचे पाणी मागा. पाणी दिसायला काचेसारखे नितळ, पण घोट घेतला की तोंड वेडेवाकडे होते. म्हातारी माणसे म्हणतात, "पानी हाये, पन प्याच्या कामाचं न्हाई." आणि मातीचे म्हणाल, तर चैत्र-वैशाखात ती अशी फाटते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो, आणि श्रावणात असा चिखल होतो की बैलाचा पाय रुतला की तो उपसायला चार माणसे लागतात. पावसाचे पाणी वावरात आठ-आठ दिवस उभे राहते. वर पाणी साचलेले आणि खाली हातभर खोलीवर माती कोरडी, असा चमत्कारही इथे पाहायला मिळतो.

हा आपला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी तो सुमारे दीडशे किलोमीटर लांब पसरला आहे. त्याचे क्षेत्र साधारण ४ लाख ७० हजार हेक्टर भरते आणि नऊशेच्या आसपास गावे त्यात येतात. मूर्तिजापूर तालुक्याचा उत्तरेकडचा भाग या पट्ट्याच्या पोटातच आहे. या जमिनीचा स्वभाव कसा घडला, आपल्या वाडवडिलांनी तिच्याशी कसे जमवून घेतले, आणि आपल्याला त्यातून काय घेता येईल, हे आज आपण पाहू.

आधी जमिनीच्या जन्माकडे वळू. उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, आणि मध्ये ही खोलगट पन्हळ. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला एक मोठी जुनी भेग आहे. डोंगराची बाजू वर राहिली आणि अलीकडची बाजू खचत गेली. या खचलेल्या खोलगटात लाखो वर्षे दोन्हीकडचे नदीनाले गाळ आणून टाकीत राहिले. पूर्णा स्वतः बैतूलच्या डोंगरातून येते. तिला पेढी, चंद्रभागा, शहानूर, उमा, काटेपूर्णा, मोर्णा, मन अशा बहिणी येऊन मिळतात, आणि सगळ्या मिळून पुढे चांगदेवपाशी तापीच्या पदरात पडतात. या बहिणींनी आणलेल्या गाळाची जाडी काही ठिकाणी तीनशे मीटरहून अधिक आहे. म्हणजे एकावर एक चार कुतुबमिनार ठेवले तरी बुडतील!

पुष्कळ गावांत असे सांगतात की पूर्वी इथे समुद्र होता, म्हणून पाणी खारे. ही कल्पना सोपी आहे, पण खरी नाही. हा गाळ समुद्राचा नव्हे, नद्यांचा आहे. मात्र हे खोरे तळ्याच्या तळासारखे वागते, एवढे खरे. पाणी आत यायला अनेक वाटा, पण बाहेर जायला उतार फारच थोडा. नदीचा वेग कमी झाला की वाळू आधी खाली बसते, आणि सर्वांत बारीक कण सर्वांत शेवटी, संथ पाण्यात बसतात. म्हणून जगात तळ्यांच्या आणि नद्यांच्या सखल तळाशी पुष्कळ ठिकाणी अशी जड, चिकट, पाणी धरून ठेवणारी माती सापडते. या गाळात आणखी एक नवल दडले आहे. पूर्णेच्या काठच्या दरडींत काही ठिकाणी राखेचा फिकट थर दिसतो. ही राख आपल्याकडची नाही. हजारो मैल दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला, त्याची ती राख असावी असे भूवैज्ञानिक मानतात. गुरुजनहो, मुलांना भूगोल शिकवताना ही दरड दाखवण्यासारखी आहे.

आता या मातीचा एक कण हातात घ्या. तो इतका बारीक असतो की एका मिलिमीटरात पाचशे कण ओळीने मांडता येतील, आणि त्याहूनही सूक्ष्म कण त्यात पुष्कळ. आपल्या मातीत असल्या चिकण कणांचे प्रमाण निम्म्याहून जास्त असते. काळ्या पाषाणाची झीज होऊन हे कण तयार झाले. वहीची पाने असतात तशी प्रत्येक कणाची रचना असते. पानांच्या मध्ये पाणी शिरले की वही फुगते आणि पाणी गेले की मिटते. म्हणून पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. फुगताना मातीचे थर एकमेकांवर घासतात. हातभर खोलीचे ढेकूळ फोडून पाहा, त्याच्या अंगाला पॉलिश केल्यासारखी चकाकी दिसेल. ती या घासण्याची खूण.

पहिला पाऊस भेगांतून थेट खाली जातो. पण माती एकदा फुगली आणि भेगा बुजल्या की वरचे दार बंद होते. मग येणारा पाऊस एक तर वाहून जातो, नाही तर वावरात उभा राहतो. असे पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही. पराटी पिवळी पडते, तूर उभ्या उभ्या मान टाकते. शेतकरी म्हणतो, पिकाला पाणी जास्त झाले. मी म्हणेन, पिकाला वारा कमी पडला. मुळांनाही श्वास लागतो, हे आपण फार वेळा विसरतो.

इथवर जे सांगितले ते बहुतेक साऱ्या भारी काळ्या जमिनींना लागू पडते. खारपाणपट्ट्यात याच्यावर आणखी एक संकट आहे, ते म्हणजे सोडियमचे. मातीच्या कणांना चुन्यातला कॅल्शियम चिकटलेला असला, तर कण एकमेकांना धरून राहतात, त्यांच्या गुठळ्या होतात, आणि गुठळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी व हवा खेळते. कॅल्शियमच्या जागी सोडियम आला की कणांची ही एकी मोडते. कण सुटे होऊन पाण्यात तरंगू लागतात आणि सगळ्या फटी बुजवून टाकतात. ओली असताना ही जमीन लोण्यासारखी निसरडी, वाळली की विटेसारखी कडक. आपले शेतकरी हिला चोपण म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे, कारण ती चोपून बसवल्यासारखीच असते.

सोडियम आला कोठून? पाषाणाच्या झिजेत तो मुळातच थोडा असतो. जिथे पाऊस भरपूर आणि निचरा चांगला, तिथे तो धुऊन नदीवाटे निघून जातो. आपल्याकडे पाऊस बेताचा आणि ऊन कडक. पाणी खाली जाण्याऐवजी वर वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. त्यातच मातीतला चुना खड्यांच्या रूपाने गोठतो. वखराला लागणारे ते पांढुरके चुनखडे तुम्ही पाहिलेच असतील. कॅल्शियम खड्यांत अडकला की कणांभोवती सोडियमचे राज्य सुरू होते. म्हणून अमरावतीच्या बाजूने पश्चिमेकडे जावे, पाऊस कमी होत जावा, तसतसा हा दोष वाढत जातो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी या खोऱ्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. सोडियमचे प्रमाण शेकडा १५ झाल्यावर जमीन बिघडली असे पुस्तकी माप आहे. पण आपल्या या चिकण मातीत ते शेकडा ५ झाले तरी निचऱ्याला बाधा येऊ लागते, असे त्यांना आढळले. म्हणजे दिसायला चांगली असलेली जमीनही आतून आजारी असू शकते.

श्रोतेहो, जमिनीचा स्वभाव कळला. आता माणसांचा इतिहास पाहू.

आपल्या पूर्वजांनी हे शास्त्र वाचले नव्हते, पण जमीन वाचली होती. पूर्णेकाठच्या गावांत बागायतीसाठी विहिरी खणण्याची चाल पडली नाही. पिण्यासाठी नदीच्या वाळूत झिरे काढायचे, गावतळ्यात पावसाचे पाणी साठवायचे. शेती कोरडवाहू. मूग काढून त्याच वावरात हरभरा घ्यायचा, किंवा पावसाळाभर जमीन वखरून मोकळी ठेवायची आणि मातीने धरलेल्या ओलीवर रब्बी पिकवायची. हरभरा, जवस, करडई ही पिके त्या ओलीवर येतात. करडईचे मूळ तर कुदळीसारखे खोल जाते. गावरान कपाशीचेही तसेच. उताराचा जो काही नैसर्गिक नाला असेल, तो कोणी बुजवीत नसे. बांधाची भांडणे झाली असतील, पण नाला सगळ्यांचा ही समजूत होती.

आणि खाऱ्या पाण्याचे काय करीत? त्याचे मीठ करीत! आज हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. १८६९ साली भूवैज्ञानिक ए. बी. विन यांनी पूर्णेच्या खोऱ्याविषयी एक अहवाल लिहिला. त्या काळच्या नोंदींत असे आढळते की अकोल्याच्या उत्तरेकडील दहीहांड्यापासून थेट अमरावतीच्या अलीकडे आठ-दहा मैलांपर्यंत, नदीच्या दोन्ही बाजूंना, मिठाच्या विहिरी होत्या. सर्वांत खोल विहिरी सुमारे १२० फुटांच्या. चिकण माती खणत खणत खाली गेले की वाळू-गोट्यांचा थर लागे. तो फुटला की दाबून राहिलेले खारे पाणी उसळून वर येई. ते उपसायचे, उथळ वाफ्यांत पसरायचे आणि वऱ्हाडच्या उन्हात आटवायचे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेला आपला प्रदेश असे स्वतःचे मीठ पिकवीत होता.

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. मिठावर सरकारची मक्तेदारी आणि कर आला, आणि हळूहळू या विहिरींचे काम बंद पडले. पण लोक विसरले नव्हते. १९३० च्या मार्चमध्ये महात्मा गांधी दांडीच्या वाटेला लागले. वऱ्हाडाला समुद्र कोठला? मग एप्रिल १९३० मध्ये इथल्या कार्यकर्त्यांनी दहीहांड्याची वाट धरली आणि तेथील विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला. ज्या पाण्याला आपण शाप म्हणतो, त्याच पाण्याने त्या दिवशी स्वातंत्र्याची लढाई लढली. शाळेतल्या मुलांना दांडीची गोष्ट पाठ असते. दहीहांड्याची गोष्टही त्यांना ठाऊक असायला हवी.

याच मातीने एक मोठा माणूस घडवला. संत गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरा या गावी मामाच्या घरी गेले. तेव्हाचे ते डेबूजी. गुरे राखणे, नांगर धरणे, वखर चालवणे ही त्यांची शाळा. पुढे १९०५ साली घर सोडल्यावर त्यांनी जी पहिली मोठी लोकोपयोगी कामे केली, त्यांतले एक पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथील. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. स्नानाला उतरायचे म्हणजे काठच्या निसरड्या चिखलातून जायचे. १९०८ साली लोकांच्या श्रमातून तिथे घाट बांधला गेला. या चिखलात ज्याने पाय रोवून काम केले आहे, त्यालाच घाटाची किंमत कळते.

मधल्या काळात आणखी एक मोठे स्थित्यंतर झाले होते. १८६० नंतरच्या दशकात मुंबई-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून गेला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मूर्तिजापूर जंक्शन झाले. तिथून एकीकडे यवतमाळला, दुसरीकडे दर्यापूरवरून अचलपूरला छोटी रेल्वे निघाली. तीच आपली शकुंतला. आता ती बंद पडली आहे, पण तिच्या रुळांनी खारपाणपट्ट्यातला कापूस कित्येक वर्षे वाहिला. कापूस पैसा देतो, पण तो जमिनीत सहा-सहा महिने उभा असतो. पैशाच्या मागे लागून ओलीवरची जुनी रब्बी पिके आणि फेरपालट मागे पडू लागली.

आणि मग आली बोअरची वेळ. वीज आली, पंप आला, खणणारी यंत्रे आली. प्रत्येकाला वाटले, माझ्या वावरात पाणी असावे. वाटणारच. शेजारच्या तालुक्यात संत्र्याच्या बागा डोलताना दिसतात आणि आपण आभाळाकडे पाहत बसायचे, हे कोणाला सोसेल? म्हणून खारपाणातही बोअर झाले. खारे तर खारे, पण पाणी!

इथे मी तुम्हाला थांबवून एक गोष्ट नीट सांगणार आहे, कारण आजच्या भाषणाचा गाभा तीच आहे. खारे पाणी दिल्याबरोबर जमीन बिघडलेली दिसत नाही. उलट, पाण्यात मीठ भरपूर असेपर्यंत मातीचे कण एकत्रच राहतात आणि शेतकऱ्याला वाटते, काही झाले नाही. पण त्या पाण्यातला सोडियम गुपचूप कणांना चिकटत असतो. मग मृगाचा पाऊस येतो. पावसाच्या गोड पाण्याने वरचे मीठ धुऊन जाते, पण चिकटलेला सोडियम जात नाही. आता कण सुटे होतात आणि त्या पहिल्या पावसातच जमीन पापुद्रा धरून बंद होते. शेतकरी पावसाला दोष देतो. दोष पावसाचा नसतो, उन्हाळ्यात दिलेल्या पाण्याचा असतो. एका पिकाच्या लोभाने नातवाची जमीन खर्ची पडते. म्हणून पाण्याची तपासणी केल्याशिवाय बोअरचे पाणी वावराला देऊ नका.

तुम्हाला वाटेल, हे दुःख आपल्याच वाट्याला आले. तसे नाही. पुणे जिल्ह्यात १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. ऊस आला, गूळ आला, पैसा आला. पण पाणी द्यायची जेवढी घाई होती, तेवढी ते बाहेर काढण्याची नव्हती. थोड्याच वर्षांत सखल भागातील भारी जमिनी पाणथळ आणि क्षारपड होऊ लागल्या. १९१० साली हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर पुस्तिका लिहिली ती याच कारणाने. तिकडे अमेरिकेत ओहायो राज्यात एका प्राचीन सरोवराच्या तळावर चिकण मातीची प्रचंड दलदल होती. 'काळी दलदल' असेच तिचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या शेतकऱ्यांनी गावोगाव चर खणले, जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या, आणि त्याच दलदलीची उत्तम शेतजमीन केली. त्यांच्या मातीत सोडियमचे दुखणे नव्हते, आणि पाऊसही वर्षभर विभागून पडतो, म्हणून नुसता निचरा पुरला. नीरेवर पाणी आले पण वाट नव्हती, म्हणून चांगली जमीन बिघडली. ओहायोत वाट काढली, म्हणून वाईट जमीन सुधारली. दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य एकच: पाणी आणण्याआधी त्याच्या जाण्याची वाट पाहावी.

मग खारपाणपट्ट्याने काय करावे?

पहिली गोष्ट, वरचे पाणी अदबीने बाहेर काढायचे. आपली माती इतकी घट्ट आहे की जमिनीखालच्या नळ्यांपर्यंत पाणी पोहोचायलाच वेळ लागतो. म्हणून पृष्ठभागावरचा निचरा महत्त्वाचा. उताराला आडवी पेरणी, ठरावीक अंतरावर सरी किंवा रुंद वरंबा, आणि शेवटी सगळ्या सऱ्यांचे पाणी नाल्यात नेणारा चर. हे काम एकट्याचे नाही. माझे पाणी तुमच्या वावरात सोडून माझा निचरा होत नसतो. बुजलेला नाला गावाने मिळून मोकळा केला पाहिजे.

दुसरी गोष्ट, बाहेर काढलेले ते गोड पाणी नदीला फुकट देऊ नका. वावराच्या सखल कोपऱ्यात शेततळे घ्या. इथे मातीचा दोषच गुण होतो. मुरमाड जमिनीत तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर घालावे लागते, पण आपली चिकण माती पाणी झिरपू देत नाही. अस्तराशिवाय तळे पाणी धरते. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली की कपाशीला एक पाणी, किंवा हरभऱ्याला फुलोऱ्याच्या वेळी एक पाणी, एवढ्याने पीक हाती लागते. फक्त तळे इतके खोल खणू नका की खालचे खारे पाणी त्यात येईल. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातील गावे घेतली गेली, ती याच प्रकारच्या कामांसाठी.

तिसरी गोष्ट, जिप्सम. जिप्सममध्ये कॅल्शियम असतो. तो कणांवरच्या सोडियमला उठवतो आणि त्याच्या जागी बसतो. कॅलिफोर्नियात हिल्गार्ड या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हा उपाय सांगितला, आणि हॉलंडमध्ये १९५३ च्या समुद्राच्या पुराने खारावलेल्या जमिनींवर तो वापरला गेला. पण ध्यानात ठेवा, उठवलेल्या सोडियमला घराबाहेर जायला दार पाहिजे. चर नसेल तर तो तिथेच घुटमळतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो. किती जिप्सम टाकायचे हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. माती तपासून घ्या. अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेले आपले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्याचा सल्ला घ्या. जोडीला शेणखत द्या, ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी जमिनीत गाडा.

चौथी गोष्ट वाडवडिलांची. वाफसा आल्याशिवाय वावरात पाऊल टाकू नका. ओल्या चिकण मातीत ट्रॅक्टर घातला की ती दाबली जाते आणि आधीच थोड्या असलेल्या फटी कायमच्या मिटतात. वाफशाचे दिवस इथे मोजके असतात, आणि ते ओळखणारा शेतकरी निम्मी लढाई जिंकतो.

गुरुजनहो, तुमच्यासाठी एक सोपा प्रयोग. काचेच्या दोन पेल्यांत पावसाचे पाणी घ्या. एका पेल्यात चिमूटभर जिप्सम ढवळून गाळून घ्या. आता वावरातून हातभर खोलीवरची माती आणून वाळवा, आणि हरभऱ्याएवढे दोन खडे एकेका पेल्यात अलगद सोडा. हलवू नका. दुसऱ्या तासाला सोडा आणि शाळा सुटताना पाहा. चोपण मातीचा खडा असेल, तर साध्या पाण्यात त्याच्याभोवती दुधासारखे ढग पसरतील. जिप्समच्या पाण्यात खडा ढासळेल, पण पाणी नितळ राहील. ज्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिले, त्याला सोडियम आणि कॅल्शियम यांची भाषणे द्यावी लागणार नाहीत. तो घरी जाऊन बापाला सांगेल, आणि बाप मुलाचे ऐकतो, तुमचे-आमचे ऐकेलच असे नाही.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र शेतकऱ्याच्या एकट्याच्या हातचा नाही. काटेपूर्णा, वान, शहानूर या धरणांवरून नळयोजना आल्या, त्यांनी कितीतरी गावांची तहान भागवली. पण सगळ्यांची नाही, आणि रोज नाही. खारपाणातल्या गावात मुलगी द्यायला आईबाप आजही कचरतात. मूत्रपिंडाच्या दुखण्याची तक्रार गावोगाव ऐकू येते. २०२३ च्या एप्रिलमध्ये अकोल्याहून लोक खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन नागपूरच्या दिशेने पायी निघाले होते. १९३० च्या एप्रिलमध्ये याच पाण्याचे मीठ करून लोकांनी परक्या सरकारला जाब विचारला होता. ९३ वर्षांनी तेच पाणी घेऊन आपल्याच सरकारकडे जावे लागावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

शेवटी एवढेच. आपली जमीन वाईट नाही. ती हट्टी आहे. तिच्यावर पाणी लादले तर ती रुसते, आणि पाण्याला वाट करून दिली तर ती सहा महिने पावसाची ओल पोटात जपून तुम्हाला हरभरा देते. येत्या वैशाखात भेगा पडतील तेव्हा वावराच्या बांधावर उभे राहा आणि स्वतःला एकच विचारा: पावसाचे पाणी माझ्या वावरातून कोठून जाते? उत्तर सापडले नाही, तर पेरणीच्या आधी पहिले काम तेच करा. चर खणायला घ्या.